कोरडी काजळी

ताईच्या पत्राला आपण उत्तर दिलेलं नाही, हे मला आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये आठवलं. आठवलं असं म्हणणंही तितकंसं खरं नाही. विसरलो कधी नव्हतोच. दातात काही अडकलं की जीभ सारखी तिथेच जाते आणि आपण मात्र दुसऱ्या बाजूने चावत राहतो, तसे हिवाळ्यापासूनचे दिवस मी काढत होतो. त्या सकाळी लिफ्ट खाली येता येता हिसका बसला, ती वीतभर घसरली आणि दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. दिवा राहिला, पंखा बंद पडला. अशा वेळी माणसाला देव आठवावा, मुलंबाळं आठवावीत. मला आठवलं ते कपाटातल्या शब्दकोशाखाली ठेवलेलं निळं पाकीट. आपलं इथेच काही बरंवाईट झालं तर ताई काय समजेल? आपल्या पुस्तक्या भावाला साधं हो किंवा नाही कळवता आलं नाही, एवढंच समजेल. आणि त्यात चूक काहीच नसेल.

लिफ्टमध्ये माझ्याशिवाय फक्त माझी सून होती. ती दातांची डॉक्टर आहे आणि सकाळी माझ्याच वेळेला बाहेर पडते, पण ती घाईत जिन्याने उतरते आणि मी लिफ्टने, त्यामुळे आमची गाठ खाली फाटकाशी पडते आणि ‘येते बाबा’, ‘ये’ एवढ्यावर संपते. इतक्या वर्षांत आम्ही दोघंच असे कधी कोंडले गेलो नव्हतो. मुलगा बोलका आहे. तो घरात असला की आम्हा दोघांच्या वाटचंही तोच बोलतो. तो कामानिमित्त बाहेरगावी गेला की जेवणाच्या टेबलावर चमच्यांचा आवाज फार मोठा होतो. तिने घंटेचं बटण दाबलं. खालून कोणीतरी ‘दहा मिनिटं!’ असं ओरडलं.

“घाबरलात का, बाबा?” तिने विचारलं.

“नाही.”

“मी घाबरले,” ती म्हणाली आणि पर्स छातीशी धरून कोपऱ्यात टेकली. “काहीतरी बोला ना. नुसते श्वास घेऊ नका.”

हेच ताईने लिहिलं होतं. जवळजवळ हेच शब्द. ताईची पत्रं लहान असतात. शब्द वाया घालवणं तिला अन्न टाकून दिल्यासारखं वाटतं. “पुस्तक्या,” असं ते पत्र सुरू होत होतं, “आपल्या बाबांचा ट्रॅक्टर चालतो का? हो किंवा नाही एवढंच लिही. चालत असेल तर कंबरेच्या ऑपरेशनच्या आधी येईन आणि एकदा चालवीन. नंतर डॉक्टर मला जिना चढू देणार नाहीत, ट्रॅक्टर तर सोडच. चालत नसेल तर येणार नाही. नुसतं लोखंड बघायला एवढा प्रवास झेपायचा नाही. फोन करू नकोस. फोनवर तू नुसता श्वास घेतोस आणि मला ऐकू कमी येतं, तेव्हा मला वाटतं, हा मेलाबिला की काय.”

“ताईला पत्र लिहायचं राहिलंय,” मी सुनेला म्हणालो. लिफ्टमध्ये माणूस नको ते बोलून जातो.

“आत्यांना? ते थंडीत आलेलं? मीच तर खालच्या पेटीतून आणून दिलं होतं तुम्हाला.” तिने हिशेब केला असावा, कारण भुवया वर गेल्या. “एवढं काय अवघड विचारलंय त्यांनी?”

“ट्रॅक्टर चालतो का, असं विचारलंय.”

“मग? दर रविवारी जाता ना तुम्ही त्याच्यासाठी? चालतो की.”

“सुरू होतो,” मी म्हणालो.

“यात फरक आहे?”

“आहे.” आणि मग मला राहवलं नाही. “पोरी, त्याचं इंजिन गेलंय. माझ्या हाताखाली गेलंय. नाही म्हणून कळवलं तर ताई येणार नाही, आणि हो म्हटलं तर आल्यावर तिला कळेल. म्हणून दर रविवारी वाटतं, पुढच्या रविवारी बघू.”

तिने माझ्याकडे बघितलं. दवाखान्यात आलेल्या, वर्षभर दाढ धरून बसलेल्या म्हाताऱ्याकडे ती बहुधा असंच बघत असेल. “ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय त्यांचं,” ती म्हणाली. “परवाच हे सांगत होते.” तेवढ्यात पंखा गरगरला, लिफ्टने एक आचका दिला आणि आम्ही सुखरूप तळमजल्यावर आलो. दार उघडताना ती म्हणाली, “या रविवारी मी येते तुमच्याबरोबर. नाही म्हणू नका. तुम्हाला नाही म्हणता येत नाही, हे आत्ता कळलंच मला.”

मी आयुष्यभर मुद्रितशोधक होतो. म्हणजे छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या लिखाणातल्या चुका काढायचो. या धंद्याने माणसाला एक वाईट खोड लागते. चूक तेवढी दिसते, बरोबर असलेलं दिसतच नाही. पानभर मजकूर निर्दोष असला तरी डोळा त्याच्यावरून पाण्यासारखा घरंगळत जातो आणि कुठे एक उलटी वेलांटी असेल तिथे ठेचकाळतो. संध्याकाळी घरी आल्यावर मी बायकोच्या बोलण्यातही अडखळायचो, ती बिचारी हसून सोडून द्यायची. आता ती नाही. माणसं गेली की त्यांनी सोडून दिलेल्या गोष्टी सगळ्या आपल्याकडे परत येतात. छापखाना बंद पडला तेव्हा मालकांनी कागदाचं गोदाम मात्र ठेवलं, शहराच्या कडेला, कारखान्यांच्या मागच्या रस्त्यावर. “तुमचं ते लोखंड ठेवा इथे हवं तर,” असं तेच म्हणाले होते. शेत विकलं तेव्हा ट्रॅक्टर कोणाला द्यायचा यावर फारशी चर्चा झालीच नाही. ताई दूर, तिच्या घराला अंगण नाही. मी कधी नव्हे ते पटकन बोललो होतो, “माझ्याकडे राहू दे.” सगळ्यांनी वळून बघितलं होतं. ताई मोठ्याने हसली होती. “तू? तू काय करणार त्याचं, वाचणार?”

ती हसली यात काही नवल नव्हतं. त्या ट्रॅक्टरवर मी जेवढा बसलो तेवढा मडगार्डवर. बाबांच्या नंतर तो चालवायची ती ताई. डोक्याला फडकं घट्ट बांधून, जिभेचं टोक दातांत धरून. मी मागच्या चाकावरच्या पत्र्यावर मांडीत पुस्तक घेऊन बसायचो आणि अक्षरं थरथरायची म्हणून ओळीखाली बोट धरायचो. त्या थरथरीत मी किती वाचलं याला सुमार नाही. अजूनही एखादं पुस्तक फारच शांत वाटतं तेव्हा वाटतं, खाली इंजिन चालू पाहिजे होतं. ताई मात्र रस्त्याकडे कमी बघायची, आवाजाकडे जास्त. इंजिनाला चार नळकांडी, म्हणजे चार घरं, आणि प्रत्येक घरात ठिणगी टाकायला एक प्लग. ताईसाठी ती चार पोरं होती, एका पंक्तीला बसलेली. कान देऊन ती म्हणायची, “तिघं जेवतायत, चौथा रुसलाय.” मग गाडी थांबवून, पाना घेऊन, चौथ्याचा प्लग काढून, पदराला पुसून परत बसवायची. “जेव रे बाबा.” आणि तो जेवायला लागायचा. मला तो आवाजातला फरक तेव्हाही कळायचा नाही. मी नुसती मान डोलवायचो. तिला कळायचं की मला कळलेलं नाही, आणि तरी ती मला दर वेळी सांगायची. मला पुढे कधी कोणी इतक्या धीराने काही सांगितलं नाही.

रविवारी आम्ही गोदामाशी पोचलो तेव्हा पहारेकरी स्टुलावर बसून पायमोजे वाळत घालत होता. त्याचं आणि माझं एक ठरलेलं आहे: मी येतो, तो हँडल मारतो, इंजिन धुराचा लोट सोडतं, तो खोकतो, मी बंद करतो, आम्ही चहा घेतो.

“आज डॉक्टर आणलेत काय, काका?” तो सुनेकडे बघून म्हणाला. “बरं केलंत. पण फार उशीर झाला असेल तर मला आधी सांगा हं. मी त्याच्याशी रोज बोलतो, मला वाईट वाटेल.”

“दातांची डॉक्टर आहे मी,” सून म्हणाली.

“मग तर चांगलंच. ह्याला दात चारच आहेत.”

ट्रॅक्टर आत उभा होता, वर्तमानपत्राच्या कागदाच्या न विकलेल्या गुंडाळ्यांच्या मध्ये. रंग मूळचा कुठला होता हे आता फक्त सीटच्या खाली वाकून कळतं. मी त्याच्यावर चादर घालतो, रविवारी काढतो, घडी करतो. चाकं अधूनमधून थोडी फिरवून ठेवतो, हवा बघतो, तेल बघतो, बाकीचं ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत लिहिलंय तसं सगळं. त्या पुस्तिकेची काही पानं मला पाठ झाली आहेत. एका पानावर प्लगचं चित्र आहे, आठ प्रकारचे प्लग, आणि खाली लिहिलंय की रंगावरून इंजिनाची तब्येत ओळखावी: तपकिरी, राखाडी, पांढरा, काळा. चित्र काळ्यापांढऱ्या छपाईत आहे. आठही प्लग सारखेच राखाडी दिसतात. मी पहिल्यांदा ते पान बघितलं तेव्हा धंद्याच्या सवयीने हसलो होतो. नंतर नंतर हसू यायचं बंद झालं. कारण मजकुरात एक वाक्य आहे: ओला, चमकदार काळा थर म्हणजे तेल वर येत आहे, तेल अडवणाऱ्या रिंगा झिजल्या आहेत, इंजिन उघडावे लागेल. आणि दर रविवारी माझ्या हातातले चारही प्लग ओले, चमकदार, काळेच निघायचे. एवढं जुनं इंजिन उघडून परत कोण बसवणार? ज्यांना जमत होतं ती माणसं गेली. मी भिंगाखाली ते प्लग धरायचो आणि त्या चकाकीत मला आपलाच चेहरा दिसायचा, चोरट्यासारखा. बाबांनी, ताईने इतकी वर्षं जपलं आणि शेवटी दिलं कोणाकडे, तर वाचणाऱ्याकडे.

“दाखवा काय करता ते,” सून म्हणाली. “नेहमी करता तसंच. मी आहे असं समजू नका.”

ते जमणं कठीण होतं, पण केलं. पेट्रोलचा नळ उघडला. चोक ओढला, चोक ओढला की इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळतं, गार असताना तेच लागतं. पहारेकऱ्याने अंगठा बाजूला ठेवून हँडल मारलं, दुसऱ्यांदा मारलं, आणि ते खोकत, अडखळत सुरू झालं. काळा धूर. मी चोक हळूच आत ढकलला. आवाज बसला, आता बंद पडणार असं वाटलं, आणि माझ्या हाताने आपोआप तो परत बाहेर ओढला. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. पुन्हा आत. थोड्या वेळात धूर इतका झाला की पहारेकरी नाकाला पायमोजा लावून बाहेर पळाला. मी इंजिन बंद केलं. जीव भांड्यात पडला, दर वेळी पडतो तसा. म्हणजे निदान मी बंद केलं, ते आपणहून बंद पडलं नाही.

मग मी पाना लावला, पहिला प्लग सोडवला, आणि बाटलीतल्या पेट्रोलमध्ये भिजवलेलं फडकं उचललं.

“हे काय करताय?” सुनेने माझं मनगट धरलं.

“पुसतोय. वर धूळ असते. मग भिंगातून नीट दिसतं.”

“आधी पुसता? आणि मग बघता?” तिचा आवाज चढला, घरात तो इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. “बाबा, हे तर माझ्या पेशंटसारखं झालं! येण्याच्या आधी अर्धा तास हिरड्या सोलवटेपर्यंत दात घासून येतात, आणि मग मला विचारतात, काय झालंय म्हणून. द्या इकडे.”

तिने प्लग माझ्या हातातून घेतला. चटका बसला असेल, पण फारसा नाही. तो तसा गारच होता, हे तिच्या लक्षात आलं आणि माझ्याही. काळा होता, मिट्ट काळा. तिने तर्जनी त्याच्या टोकावरून फिरवली आणि बोट माझ्या डोळ्यांसमोर धरलं. तिने बोटावर फुंकर मारली. थोडी काजळी उडाली.

“तेल असं उडतं का हो?” ती म्हणाली.

मी ते बोट बघत राहिलो. काजळी. कोरडी. चिमणीच्या काचेवर धरते तशी, मुलांच्या डोळ्यात घालतात तशी. मी माझं बोट फिरवलं. मखमलीसारखं लागलं, चिकटपणा नावालाही नाही. इतके महिने मी ती काजळी पेट्रोलने भिजवत होतो, मग भिंग लावून बघत होतो, आणि म्हणत होतो, ओलं आहे, चमकतंय, संपलं. इतकी वर्षं दुसऱ्यांची प्रूफं तपासली. त्यांच्यावर आधी शाई सांडून मग वाचत बसलो असतो तर मालकांनी दुसऱ्या दिवशी हाकललं असतं. मी खुर्चीसारख्या त्या कागदाच्या गुंडाळीवर बसलो. मला हसू येत होतं की आणखी काही, कळेना. सून दुसरा प्लग काढत होती, पाना उलटा फिरवत होती. मी दाखवलं, कसा फिरवायचा. दुसरा तसाच. तिसरा तसाच. चौथा तसाच. तिने चारही एका वर्तमानपत्रावर ओळीने मांडले, जणू ट्रेमध्ये.

“एकच दात काळा असेल ना,” ती म्हणाली, “तर मी म्हणते तो दात खराब. पण सगळेच्या सगळे सारखे काळे असले तर मी दाताला दोष देत नाही. मी पेशंटला विचारते, तुम्ही खाता काय?”

“पेट्रोल,” मी म्हणालो.

“किती?”

मी तिच्याकडे बघितलं, मग चोकच्या दांडीकडे. दांडी अर्धी बाहेरच होती. बंद करतानाही बाहेर. मी ती आत ढकलून कधी ठेवलीच नव्हती. बंद पडेल या भीतीने मी त्याला दर रविवारी ठासून भरवत होतो आणि पचायच्या आधीच पानावरून उठवत होतो. आणि तेवढ्यात मला पुस्तिकेतलं ते दुसरं वाक्य आठवलं, जे मी जाहिरातीचं समजून नेहमी ओलांडून जायचो: पुरेसे तापल्यावर प्लगचे टोक आपली काजळी आपणच जाळून टाकते. मी ते वाक्य मोठ्याने म्हटलं. एखादी ओळ शंभरदा वाचूनही ती आपल्याला उद्देशून आहे हे कळू नये, असं होतं कधी कधी. मला तर फार वेळा झालंय.

“म्हणजे याला झालेलं काहीच नाही?” सुनेने विचारलं.

“याला कोणी तापूच दिलं नाही,” मी म्हणालो. छातीवरून कोणीतरी कागदाची ती अख्खी गुंडाळी उचलून बाजूला ठेवावी, तसं वाटलं. इतकं हलकं की लगेच संशय आला. माझं हे असंच आहे. चांगली बातमी आली की मी पाकीट उलटंपालटं करून पत्ता दुसऱ्याचा तर नाही ना, ते बघतो. “पण खात्री करायची तर त्याला चांगला तापवावा लागेल. उभ्याउभ्या नाही तापायचा. ओझं पाहिजे, चढ पाहिजे. बाहेर काढावा लागेल.”

“मग काढा.”

“मी? मी कधी चालवलेला नाही.”

“काय सांगता!” दारातून पहारेकरी म्हणाला. त्याचा पायमोजा अजून हातातच होता. “मला वाटायचं, काका तरुणपणी शर्यतीत पळवायचे याला.”

सुनेने आपल्या पिशवीतून कापडात गुंडाळलेली हत्यारं काढली. टोकाला बारीक आकडा असलेली, चांदीसारखी. मी माझा तारेचा ब्रश पुढे केला तर तिने तो झुरळासारखा बाजूला केला. “याने चरे पडतात. चऱ्यात घाण अडकते.” प्लगवरचा चिनीमातीचा पांढरा भाग तिने किती अलगद खरवडला. मी तिला काम करताना पहिल्यांदाच बघत होतो. ती जिभेचं टोक दातांत धरते. माझ्या घरात इतकी वर्षं ही मुलगी जेवते आहे आणि मला हे माहीत नव्हतं. काजळीखालून पांढरं निघायला लागलं तशी ती प्लगशी बोलायला लागली, “आ करा. अजून थोडा. झालं, झालं.” पहारेकरी गंभीरपणे म्हणाला, “भूल नाही दिली?”

प्लग बसवले. ब्रेक मी दोनदा बघितले, मग पुन्हा एकदा. नंतर सीटवर चढलो. सीट लोखंडाची, भोकाभोकांची, आणि तिच्यावर बसल्यावर जग मला जरा जास्तच खाली गेल्यासारखं दिसलं. सून मडगार्डवर चढून बसली. तिथे बसायचं नसतं, हे तिला सांगायला हवं होतं. पण तिथे मी इतकी वर्षं बसलो होतो की तोंडातून शब्द निघेना. एवढंच म्हणालो, “घट्ट धर.” पहारेकऱ्याने हँडल मारलं. सुरू झालं. खोकलं. धूर आला. मी चोक थोडा आत ढकलला. आवाज बसला, आणि माझा हात उठला.

“बाबा,” सून म्हणाली, “हात.”

मी उजवा हात मांडीखाली घातला. शाळेतल्या पोरासारखा. आवाज आणखी बसला, एक ठोका चुकला, दुसरा चुकला, माझ्या हृदयाचे किती चुकले ते मला माहीत नाही. एरवी मी या क्षणाला सगळ्यात घाबरायचो, आणि दर वेळी याच क्षणातून त्याला ओढून मागे आणायचो. आता मी त्याला तिथेच राहू दिलं. ते अडखळत राहिलं, बराच वेळ, कोणी म्हातारा माणूस नाव आठवायचा प्रयत्न करतो तसं. आणि मग आठवलं. एकदम, काही न सांगता, आवाज भरला. मी कान दिला. मला आजवर कधी तो फरक कळला नव्हता. चार आहेत की तीन, कोण जेवतंय, कोण रुसलंय. आता मात्र कोणी सांगायची गरज नव्हती. चारही जण खाली मान घालून जेवत होते.

गोदामाच्या फाटकातून बाहेर पडताना मी खांबाला घासलो. पहारेकरी पुढे पळत होता, लाल रुमाल हलवत, आगगाडी आल्यासारखा. रविवार असल्याने कारखाने बंद होते, रस्ता मोकळा होता. एका कुत्र्याने आम्हाला बघून झोपायची जागा बदलली. पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढ लागला तेव्हा मी पुस्तिकेत वाचलं होतं तसा गियर बदलला, करकर आवाज झाला, तो पुस्तिकेत नव्हता. “सॉरी,” मी म्हणालो. कोणाला, ते मला माहीत नाही. मग इंजिन ओढायला लागलं. ते ओझ्याखाली आल्यावर त्याचा आवाज खाली उतरला, जाड झाला, आणि तो पायातून, कण्यातून, दातांतून चढत डोक्यात गेला. मला शेत आठवलं नाही. आठवेल असं वाटलं होतं, मी वाटही बघितली. पण दिसत होती फक्त पुढची नळी, आणि तिच्यातून निघणारा धूर. आधी काळा, मग करडा, मग विरळ. चढ अर्धा झाला तेव्हा नळीच्या तोंडाशी हवा नुसती लहरत होती आणि तिच्यामागची टाकी पाण्यात बघावी तशी हलत होती.

वर सपाटीला थांबवला. बंद केला नाही. टाकीच्या भिंतीपलीकडे एक बंद टपरी होती, एक बाक होतं आणि एक टपालपेटी. सून उतरली, केस सारखे केले, गालावरची काजळी आणखी पसरवली.

“हं. आता लिहा,” ती म्हणाली.

“आधी बंद करून, गार झाला की प्लग काढून रंग बघतो. तपकिरी असला म्हणजे—”

“आत्यांनी रंग विचारलाय?”

मी धुराच्या नळीकडे बघितलं.

“काय विचारलंय त्यांनी?”

“हो की नाही.”

“मग?”

तिने पर्समधून औषधं लिहून द्यायचं आपलं पॅड काढलं, एक कागद फाडून मला दिला, वरच्या कोपऱ्यात हसऱ्या दाढेचं चित्र. उत्तरासाठीचं पाकीट माझ्याकडे होतं. पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं, कोटाच्या आतल्या खिशात घडी पडून मऊ झालेलं. ते तिथे आहे हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. लिहायला टेकू म्हणून मी मडगार्डच वापरला. लिहायला लागलो आणि पेन माझं ऐकेना. माझं अक्षर छापखान्यात प्रसिद्ध होतं, अक्षरं जुळवणारे जुळारी म्हणायचे की तुमची दुरुस्ती वाचायला चष्मा लागत नाही. आणि इथे काना वाकडा, वेलांटी दोन ओळींत, अनुस्वार भलत्याच डोक्यावर. खाली पत्रा थरथरत होता. “ताई, चालतो. ये. लवकर ये,” एवढंच लिहिलं, तर ते पाण्यावरून चाललेल्या मुंगीने लिहिल्यासारखं दिसत होतं. खाली ‘पुस्तक्या’ अशी सही केली. ती तर वाचताच येईना.

“हे असं कसं पाठवायचं?” मी म्हणालो. “घरी जाऊन नीट उतरवून काढतो. उद्या टाकू.”

सुनेने कागद हातात घेऊन बघितला. “आत्यांना अक्षरावरूनच कळेल,” ती म्हणाली, “की तुम्ही लिहिताना इंजिन चालू होतं.”

मी तिच्याकडून कागद घेतला. पुन्हा वाचला. चुका सगळ्या दिसत होत्या, एकेक, स्वच्छ. एकही दुरुस्त केली नाही. घडी घातली, पाकिटात घातली, जिभेने कड ओली केली. पेट्रोलची चव आली. पेटीपर्यंतचं अंतर फार नव्हतं. ट्रॅक्टरकडे पाठ करून मी चालत गेलो आणि वाटेत एकदाही वळून बघितलं नाही. पाकीट फटीत सरकवलं, बोटाने आत ढकललं. एरवी मी पेटीला कान लावून ते तळाशी पडल्याचं ऐकल्याशिवाय हललो नसतो. या वेळी लावला तरी काही ऐकू येईना. मागे ट्रॅक्टरचा आवाज केवढा तरी मोठा होता.